गोदावरीच्या झाडीत सिंह होता का?

एक धार्मिक माणूस गोदावरीच्या काठी हिंडायला येतो. त्याला कुणीतरी दिलासा देतं की आता निर्धास्त हिंडायला हरकत नाही, कारण तो कुत्रा आज मारला गेला. मारला कुणी, तर तिथल्याच झाडीत मुक्काम ठोकून असलेल्या मस्तवाल सिंहाने. दोन ओळींच्या एका गाथेत एवढाच मजकूर आहे. पहिल्यांदा वाचणारा क्षणभर थबकतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की कुत्र्याला बिचकणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी देऊन ‘खुशाल या’ म्हणणं म्हणजे ‘पुन्हा इकडे फिरकू नका’ असंच बजावणं आहे.

ही गाथा ‘गाथासप्तशती’तली आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने हा संग्रह ओळखला जातो. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. कोटभर गाथांमधून निवडून या सातशे एकत्र केल्या, असं संग्रहातच सुरुवातीला म्हटलेलं आहे. सातशेतल्या या एका गाथेवर गेली हजार-अकराशे वर्षं विद्वान वाद घालत आले आहेत. विद्यार्थी एखादी कविता वेगवेगळ्या बाजूंनी वाचतो तेव्हा त्याच्या हाती काय लागतं, हे मला या गाथेइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आपल्याकडे दहावीच्या मराठीच्या अभ्यासात कवितेचं रसग्रहण करायला शिकवतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी त्याची अंगं ठरलेली असतात. या मथळ्यांत वाईट काहीच नाही. तीन वेगळे प्रश्न विचारायची सवय त्यांतून लागू शकते. पण परीक्षेच्या धाकाने मुलं त्या मथळ्यांखाली कुठल्याही कवितेला चालतील अशी वाक्यं पाठ करून टाकतात, आणि समोरची कविता न वाचताच उत्तर पूर्ण होतं. हा आजार फक्त आपला नाही. आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिजमध्ये शिकवत असताना विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता देत आणि लेखी अभिप्राय मागवत. त्यांतल्या तेरा कवितांवरचे अभिप्राय घेऊन त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक काढलं. वाचणाऱ्यांच्या अडचणींची त्यांनी जी यादी केली, तिच्यात पहिलीच अडचण कवितेचा साधा, सरळ अर्थ न लागण्याची आहे. पुढे आधीपासून तयार असलेल्या ठोकळेबाज प्रतिक्रियांचाही उल्लेख येतो. ही मुलं इंग्लंडातल्या नामांकित विद्यापीठातली, इंग्रजी वाङ्मयाच्या वातावरणात वाढलेली होती. कवीचं नाव काढून घेतल्याबरोबर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाखालची जमीन सरकली.

म्हणून आपणही आधी साध्या अर्थापासून निघू, आणि तो अर्थ शब्दांच्या कुठल्या क्रमाने येतो ते पाहू. गाथा हा मात्रावृत्ताचा प्रकार. संस्कृतात त्यालाच आर्या म्हणतात. पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसरीत २७. या गाथेच्या पहिल्या ओळीत परवानगी आहे, आश्वासन आहे, कुत्रा मेल्याची बातमी आहे. मारणाऱ्याचा उल्लेख ओळीच्या शेवटी नुसत्या सर्वनामाने होतो. कोण तो, हे कळायला दुसरी ओळ ओलांडावी लागते. तिच्यात नदी, काठ, झाडी, तिथला रहिवास हे सगळं एका लांबलचक समासात ओवलेलं आहे, आणि सिंह येतो तो अगदी शेवटच्या शब्दात. म्हणजे ऐकणाऱ्या त्या धार्मिकाचा जीव आधी भांड्यात पडतो, मग त्याच्या परिचयाची जागा हळूहळू डोळ्यांपुढे उभी राहते, आणि त्या जागेच्या मधोमध शेवटी सिंह निघतो. हे कागदावर नुसता अर्थ लिहून काढला तर कळत नाही. गाथा मोठ्याने म्हटली, मात्रा मोजल्या, शब्द जिथे आहे तिथेच का आहे असं विचारलं, तरच कळतं. वृत्त शिकताना मुलं कंटाळतात याचं एक कारण असं की मात्रा मोजून झाल्यावर त्यांचं पुढे काय करायचं, हे कुणी दाखवत नाही. इथे वृत्त म्हणजे बातमी किती वेळ रोखून धरायची याचं गणित आहे.

आता काश्मीरकडे वळू. ९व्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दांचा वाच्य अर्थ एक असतो आणि त्याच शब्दांमधून सुचणारा व्यंग्य अर्थ त्याहून निराळा असू शकतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याने जी उदाहरणं घेतली त्यांत सर्वांत पहिली ही गोदावरीकाठची गाथा आहे. वर वर विधी, म्हणजे ‘कर’ असं सांगणं. आत निषेध, म्हणजे ‘करू नको’. दोन अर्थ एकमेकांच्या नेमके उलटे आहेत, तेव्हा ते एकच आहेत असं म्हणायची सोयच उरत नाही. पाठोपाठ त्याने आणखी चार उदाहरणं दिली आणि तीही प्राकृतच. संस्कृत काव्याचा एवढा डोंगर समोर असताना साहित्यशास्त्रातला एक मोठा सिद्धांत उभा करायला त्याला या लहानशा प्राकृत कविता लागल्या. गोदावरीपासून शेकडो कोसांवर बसलेल्या पंडितांनी आपल्या भूमीतल्या कवितेचं इतकं बारकाईने वाचन केलं, ही गोष्ट मराठी वर्गात आवर्जून सांगायला हवी असं मला वाटतं.

ध्वनीचा, म्हणजे अशा सुचणाऱ्या अर्थाचा, विचार विद्यार्थ्याला एक महत्त्वाचा प्रश्न हातात देतो: कविता जे म्हणते आणि कविता जे करते, ते एकच आहे का? या गाथेत बोलणारी व्यक्ती परवानगी देते आणि त्याच श्वासात वाट बंद करते. एकदा हा प्रश्न विचारायची सवय लागली की ‘कवीला काय म्हणायचं आहे’ या नेहमीच्या प्रश्नाची ताकद कमी होते, आणि ते बरंच होतं. कवीच्या मनात काय होतं ते शोधायला आपल्याकडे साधन नाही. या गाथेचा कवी कोण हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. शब्द मात्र समोर आहेत.

पण सूचित अर्थ सुचतो तरी कुणाला आणि कसा? इथे वाद पेटतो. भट्टनायक नावाच्या मीमांसकाने आनंदवर्धनाला हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मस्तवाल सिंह, धार्मिक माणूस या शब्दांनी भयानक रसाचं वातावरण तयार होतं. ऐकणारा भित्रा आहे की शूर हे कळल्याशिवाय निषेध उमगतच नाही. मग नुसत्या अर्थाच्या ताकदीने निषेध सुचला असं कसं म्हणायचं? साधारण १०००च्या सुमारास ‘ध्वन्यालोका’वर ‘लोचन’ ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने याला दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. बोलणारा कोण, ऐकणारा कोण हे जाणल्याशिवाय अर्थ सुचतो असं म्हटलंय कुणी, असं तो विचारतो. समजून घेणाऱ्याच्या प्रतिभेची साथ हा तर व्यंजनेचा, म्हणजे अर्थ सुचवण्याच्या शक्तीचा, प्राणच, अशी त्याची भूमिका आहे. प्रतिभा म्हटलं की आपल्याला कवी आठवतो. अभिनवगुप्त तिचा वाटा वाचकालाही देतो. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत वाचककेंद्री समीक्षा आली तेव्हा तिचं नवल झालं. आपल्या परंपरेत तो विचार अशा नेमक्या जागी, एका गाथेच्या निमित्ताने मांडलेला आहे.

इथे एक धोका मात्र आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरा ठरताना दिसतो. वाचकाला वाटा आहे म्हटल्याबरोबर ‘मला जे वाटलं तोच माझ्यासाठी अर्थ’ अशी मोकळीक घेतली जाते. दृष्टिकोन अनेक असतात याचा अर्थ कवितेचा काहीही अर्थ लावता येतो, असा काढला जातो. ही समजूत साफ चुकीची आहे. ती चुकीची का आहे, हे दाखवायला या गाथेच्या इतिहासातलं पुढचं पान उघडू.

११व्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ हा ग्रंथ खास ध्वनीचं खंडन करायला लिहिला. व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानायचं कारणच नाही, हे सगळं अनुमानाने होतं, असा त्याचा दावा. धूर दिसला की आग आहे हे आपण ताडतो, त्याच रीतीने गाथेतलं निषेधाचं ज्ञान होतं. भित्रा माणूस भीतीचं कारण नसेल तिथेच हिंडतो. काठावर सिंह आहे, म्हणजे भीतीचं कारण आहे. म्हणून तिथे हिंडणं होणार नाही. किती सुटसुटीत! तर्कशास्त्र शिकलेल्या कुठल्याही मुलाला हे पटेल.

त्याच शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्हासात या अनुमानाचे तुकडे केले. पहिलं, भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा धन्याच्या हुकमाने, प्रेमापोटी, किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या कारणाने भीतीच्या जागी जातो. तेव्हा अनुमानाचा हेतू, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढायचा ते कारण, पक्का नाही. दुसरं, कुत्र्याला भिणारा माणूस शूर असल्यामुळे सिंहाला न भिणारा असू शकतो. मग निष्कर्ष उलटाच निघेल. तिसरं कारण मला सर्वांत आवडतं. गोदावरीच्या काठी सिंह आहे हे ठरवलं कुणी? डोळ्यांनी कुणी पाहिला नाही, दुसऱ्या कशावरून तो सिद्ध होत नाही. तो आहे फक्त एका व्यक्तीच्या बोलण्यात, आणि बोलणं खरं असेलच असा नियम नाही. आधारच सिद्ध नसेल तर अनुमान उभं राहणार कशावर?

मम्मटाचा हा तिसरा मुद्दा वाचला की सगळी गाथा पुन्हा वाचावी लागते. आपण इतका वेळ सिंह गृहीत धरून चाललो होतो. तो नसेलच तर? कुत्रा खरंच मेला आहे का? की हे दोन वाक्यांत रचलेलं नाटक आहे? सूचित अर्थ मात्र सिंह असो वा नसो, तसाच राहतो, कारण तो सिंहाच्या अस्तित्वावर उभा नसून सांगण्याच्या रीतीवर उभा आहे. कवितेतलं विधान आणि वर्तमानपत्रातली बातमी यांच्यातला फरक विद्यार्थ्याला व्याख्यान देऊन कळत नाही. तो असा, सिंहाला शोधायला निघाल्यावर कळतो.

महिमभट्ट हरला असं शेवटी मानलं गेलं. तरी विद्यार्थ्याने त्याच्याकडे पाठ फिरवू नये. त्याने सगळी साखळी कागदावर मांडून दाखवली म्हणून तर मम्मटाला कच्ची कडी कुठली हे सांगता आलं. ‘मला असं जाणवतं’ म्हणून थांबणाऱ्या वाचकाशी वादच घालता येत नाही. महिमभट्टाशी घालता येतो. दृष्टिकोन घेणं म्हणजे आपलं म्हणणं अशा जागी आणून ठेवणं, की दुसऱ्याला ते शब्द दाखवून खोडता यावं. कवितेच्या अभ्यासातून मिळणाऱ्या गोष्टींत मी हिला बरीच वरची जागा देईन.

आता असा प्रश्न, जो या थोर पंडितांपैकी कुणी फारसा विचारला नाही. गाथेत बोलतंय कोण? आनंदवर्धनाच्या टीकाकारांपासून पुढे सगळे सांगतात की बोलणारी एक स्त्री आहे, स्वैरिणी आहे. नदीकाठची झाडी हे तिचं प्रियकराला भेटण्याचं ठिकाण आहे. तो धार्मिक माणूस तिथे फुलं तोडायला येतो आणि तिच्या एकांतात व्यत्यय येतो, म्हणून तिने ही युक्ती केली. गोष्ट रंगतदार आहे. पण गाथेचे शब्द एकेक करून तपासा. त्यात स्त्री नाही. बोलणाऱ्याचं लिंग दाखवणारं एकही रूप नाही. प्रियकर नाही, संकेतस्थळ नाही, फुलंसुद्धा नाहीत. हे सगळं टीकाकारांनी आणलेलं आहे. वर्गात हा शोध मुलांना स्वतः लावू द्यावा. गाथेतलं काय आणि टीकेतलं काय, अशा दोन रकान्यांत मजकूर लिहायला सांगावा. इतका वेळ आपण जे कविता म्हणून वाचत होतो त्यातलं निम्मं कवितेबाहेरचं होतं, हे कळण्याचा धक्का मोठा असतो आणि तो विसरला जात नाही.

स्त्रीवादी दृष्टीने पाहणारी विद्यार्थिनी इथून पुढचा प्रश्न विचारेल. आडून बोलणारी, चतुर, आपली इच्छा लपवणारी व्यक्ती दिसली की ती स्त्रीच असणार आणि वाईट चालीचीच असणार, हे इतक्या सहज का ठरवलं गेलं? शास्त्राने नायिकांचे प्रकार पाडलेले होते, त्यांतल्या एका खणात तिला ठेवलं की काम झालं. आणि समजा बोलणारी स्त्रीच आहे. मग तिला सरळ का बोलता येत नाही? ‘मला इथे एकांत हवा आहे’ असं म्हणण्याची सोय तिला त्या गावाने ठेवलेलीच नाही. पंडितांना जी वक्रता काव्याचं सौंदर्य वाटते, ती तिच्यासाठी जगण्याची गरज असू शकते. म्हणून सौंदर्य कमी होत नाही, पण ते कुठून आलं हे दिसतं. सप्तशतीच्या टीकांमधून काही गाथांच्या कर्त्यांची नावं मिळतात आणि त्यांत रेवा, माधवी, अणुलच्छी अशी स्त्रियांची नावंही आहेत. बाईच्या तोंडी घातलेली कविता आणि बाईने रचलेली कविता यांतला फरक कुठे दिसतो, हा त्यातून निघणारा प्रश्न आहे. तो विचारताना महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला जात्यावरच्या ओव्या हाताशी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव आणि गाव त्यांत नोंदलेलं आहे. त्या ओव्यांमधली आडवळणं, टोमणे, लेकीला सांगून सुनेला लावलेले बोल ऐकले की गोदेकाठच्या गाथेचा आवाज निराळा ऐकू येऊ लागतो.

इथवर आल्यावर टीकाकारांवर रागावून त्यांची गोष्ट फेकून द्यावीशी वाटते. तीही घाई ठरेल. आतापर्यंत आपण एकटीच गाथा वाचत होतो. आता सगळा संग्रह वाचू. त्यात गोदावरी पुन्हा पुन्हा येते, रेवा म्हणजे नर्मदा येते, विंध्य येतो. नदीकाठची झाडी, तागाची शेतं, कापसाची शेतं ही प्रेमिकांच्या चोरून भेटण्याची ठिकाणं म्हणून इतक्या वेळा येतात, की पीक कापलं जाणार म्हणून हळहळणारी बाई दिसली तर तिचं दुःख धान्याचं नाही हे वाचक ओळखतो. त्या जगातल्या श्रोत्याला ‘काठावरची झाडी’ एवढे शब्द ऐकताच पुढचं कळत असणार. टीकाकारांनी गोष्ट हवेतून आणलेली नव्हती. त्यांनी ती शेजारच्या गाथांमधून आणली. शब्दाला चिकटून वाचणाऱ्याने जे कवितेबाहेर काढलं होतं, त्यातलं बरंचसं संग्रह वाचणारा आत घेतो. बाईला लावलेली विशेषणं तो घेणार नाही, झाडीचा अर्थ घेईल. एका दृष्टिकोनाची चूक दुसरा अशी दुरुस्त करतो, आणि कधी कधी दुरुस्तीचीही दुरुस्ती करावी लागते.

संग्रह म्हटला की त्याचा इतिहास आला. जर्मन पंडित अल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० ते १८८१ या काळात सप्तशतीच्या अनेक हस्तलिखितांचा अभ्यास करून ती छापली. निरनिराळ्या पाठपरंपरा मिळून ९६४ गाथा भरल्या आणि सगळीकडे समान अशा जेमतेम ४३० निघाल्या. म्हणजे ‘सातशे’ हा आकडा कायम राहिला, आतल्या गाथा बदलत गेल्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ साली काव्यमालेत ती गंगाधरभट्टाच्या टीकेसह काढली, आणि मराठी वाचकांसाठी स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह तिची मोठी आवृत्ती सिद्ध केली. जोगळेकरांच्या ग्रंथाकडे आजचा विद्यार्थी क्वचित वळतो. त्याने वळावं, अशी माझी कळकळीची सूचना आहे. प्राचीन महाराष्ट्राचं खेडं, शेती, सण, नाती या गाथांमधून शोधण्याची त्यांची दृष्टी समाजशास्त्राची आहे आणि तिच्यामागे माया आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला डच अभ्यासक हर्मन टीकन आहेत. या गाथा खेडुतांनी रचलेल्या लोककविता नाहीत, नागर, दरबारी कवींनी शहरी रसिकांसाठी रचलेलं ते काव्य आहे, आणि खेड्यातली माणसं त्यात दाखवली आहेत ती दुरून, असं त्यांचं प्रतिपादन आहे. हे मान्य केलं तर आपली गाथा पुन्हा बदलते. तो धार्मिक भाबडा का आहे? त्याच्याकडे पाहून हसणारे शहरी श्रोते कोण? आणि बाईच्या चातुर्याचं कौतुक होतंय की गावाच्या रीतीभातीची करमणूक चालली आहे? माझा स्वतःचा कल जोगळेकरांकडे झुकतो. इतक्या बारीक, कामाने मळलेल्या तपशिलांमागे नुसती दुरून पाहणारी नजर असेल असं मला वाटत नाही. पण गाथांची घडण कसलेल्या कारागिराची आहे, हे टीकन यांचं निरीक्षण मला खोडता येत नाही. हे दोन्ही एका वेळी मनात ठेवून वाचता येतं, आणि तसं वाचताना गाथा अधिक जिवंत वाटते.

राहता राहिला सिंह. प्राणितज्ज्ञ भारतातल्या सिंहाच्या जुन्या वावराची दक्षिण सीमा सर्वसाधारणपणे नर्मदा मानतात. वाघ-बिबट्यांचा प्रदेश असलेल्या गोदावरीच्या खोऱ्यात सिंह कसा आला? निसर्गाच्या अंगाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडणारच. त्याचं एक उत्तर असं की काव्यातला सिंह संकेताने येतो, त्याला भूगोल विचारायचा नसतो. दुसरं उत्तर मम्मटाच्या तिसऱ्या मुद्द्याला जाऊन भिडतं: सिंह फक्त बोलण्यातच आहे. तिथे राहणाऱ्या कुणालाही खोटी वाटावी अशी ती बातमी असेल, तर ऐकणारा धार्मिक परगावचा असला पाहिजे, किंवा त्याला बातमीच्या खरेपणापेक्षा तिच्यामागचा इशारा कळावा अशी अपेक्षा असली पाहिजे. हे माझं अनुमान झालं आणि महिमभट्टाप्रमाणे मीही ते उघड मांडतो आहे. गाथेच्या काळी त्या भागात सिंह होते असा पुरावा उद्या पुढे आला तर ते तिथल्या तिथे कोसळेल.

सगळेच दृष्टिकोन या गाथेला लागू पडतात असं नाही. कुणी म्हणेल की धार्मिक म्हणजे साधक, कुत्रा म्हणजे क्षुद्र वासना, सिंह म्हणजे परमार्थ. शृंगाराचं असं अध्यात्म करणं आपल्याकडे नवं नाही, आणि संतांच्या कितीतरी रचनांत रूपक खरोखरच असतं. पण इथे शब्द साथ देत नाहीत. वासना मेल्यावर साधकाने सिंहाच्या भीतीने पळायचं कशासाठी? ‘आज’ या शब्दाचं काय करायचं? झाडीचं काय? ज्या वाचनात निम्मे शब्द बिनकामाचे होतात ते सोडून द्यावं. विद्यार्थ्याला ही कसोटी आपोआप सापडते, फक्त त्याआधी त्याने चार-पाच वाचनं मन लावून केलेली असावी लागतात.

आणि मग त्याला दुसरी गाथा एकट्याने वाचायला द्यावी. आनंदवर्धनाने पहिलीच्या पाठोपाठ दिलेलीच घ्यावी, कारण ती पहिलीच्या उलट आहे: वर निषेध, आत निमंत्रण. प्रवासी मुक्कामाला आला आहे. घरातली तरुण बाई त्याला सांगते की सासू कुठे झोपते आणि मी कुठे, ते उजेड आहे तोवर पाहून ठेव. तुला रात्री दिसत नाही, अंधारात आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. इथे बोलणारी कोण याची शंका नाही, पण दुसऱ्या अडचणी आहेत. ‘ध्वन्यालोका’तल्या पाठात दिवसाउजेडी पाहून ठेवायला सांगितलं आहे. सप्तशतीच्या छापील पाठात ते नाही, त्याऐवजी घरातला सगळा परिजन कुठे झोपतो तेही ती दाखवते. अंथरुण ‘माझं’ की ‘आमचं’, यावर अभिनवगुप्ताने थांबून विचार केला आहे. ते रूप इथे ‘आमचं’ या अर्थानेच घ्यावं, नुसतं ‘माझं’ म्हटलं असतं तर ऐकणाऱ्या सासूला संशय आला असता, असं तो सांगतो. सासू ऐकते आहे हे गाथेत कुठेही म्हटलेलं नाही, तरी त्या एका रूपासाठी ती तिथे बसलेली असावी लागते. आता सप्तशतीचा पाठ घेतला तर सासूबरोबर घरची बाकीची माणसंही कदाचित कानावर असतील. मग तिने त्याला रातांधळा म्हटलं ते त्याला ऐकवायला, की उद्या तो अंधारात चुकून भलतीकडे सापडलाच तर कारण आधीच सगळ्यांच्या कानावर घालून ठेवायला?